ओळ कोरडी द्यायची

४ सप्टेंबर

आत्या,

साष्टांग नमस्कार धरून चाल, प्रत्यक्ष घालायला इथे जागा नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून लिहितोय आणि बाबांनी चष्म्याच्या फ्रेमांची खोकी माझ्या गुडघ्यांपर्यंत आणून रचली आहेत. फोन केला असता, पण तुला डाव्या कानाने काही ऐकू येत नाही आणि उजव्या कानाने तू फक्त तुला हवं तेवढं ऐकतेस. शिवाय फोन दुकानात, आणि दुकानात बाबा.

तर बातमी अशी की मला नाटकात घेतलं. त्यापुढची बातमी अशी की मला काम दिलेलं नाही. आमच्या इथल्या हौशी मंडळाने यंदा संगीत नाटक काढलंय. पियानो, व्हायोलिनं, सगळा थाट. गोष्ट बंदरावरची आहे. बोटीवर काम करणारा एक मुलगा आणि तिकिटाच्या खिडकीत बसणारी एक मुलगी. बोट सुटायच्या आत तो तिला मनातलं सांगतो की नाही, एवढंच नाटक. पण नायिका म्हणजे हॉस्पिटलमधल्या नर्सताई. त्यांची ड्यूटी सारखी बदलते, त्यामुळे तालमीला त्या असतात कमी आणि नसतातच जास्त. दिग्दर्शक वैतागले आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट करून म्हणाले, "तू म्हण रे तिचं." तेव्हापासून तिकिटाच्या खिडकीत मी बसतो. गाणीही म्हणतो, खालच्या पट्टीत. पहिल्या दिवशी सगळे पोट धरून हसले. आता कुणाला काही वाटत नाही. प्रयोगाच्या दिवशी मी उठायचं आणि नर्सताईंनी बसायचं, असं ठरलंय.

नायक आहे लांब्या. सगळे त्याला लांब्याच म्हणतात. सायकल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो, माझ्यापेक्षा वर्षभराने मोठा. आवाज चांगला आहे त्याचा.

तू संगीत नाटकाच्या कंपनीत तीस वर्षं प्रॉम्प्टर होतीस म्हणून तुला विचारतो. दुसऱ्याचं काम आपण तात्पुरतं करत असलो तर ते किती मनापासून करावं? आणि आणखी एक, असंच, सहज. स्टेजवर कुणी आपल्याकडे बघून गात असेल तर ते खरं की नाटकातलं, हे ओळखता येतं का?

नाटकात किती बरं असतं, आत्या. बोलवत नाही तिथे वाद्यं सुरू होतात. आमच्या घरात बोलवत नाही तिथे बाबा रेडिओवर बातम्या लावतात.

तुझा
ठोंब्या


११ सप्टेंबर

ठोंब्या,

नमस्कार पोचला, आशीर्वादही धरून चाल.

"असंच, सहज" म्हणे. अरे लबाडा, मी काय काल जन्माला आले? सरळ लिही की नर्सताई आवडल्या. तू त्यांच्या खुर्चीत बसतोस, त्यांची गाणी म्हणतोस, त्या कधी येतील म्हणून दाराकडे डोळे लावून बसतोस. वाट बघणाऱ्या माणसाचं असंच होतं. त्या वयाने मोठ्या आहेत ना? असू देत. सतराव्या वर्षी सगळे मोठ्या बायकांच्याच प्रेमात पडतात, पुढे आपोआप उतरतं. फक्त ड्यूटी करून दमून आलेल्या बाईच्या हातात चिठ्ठीबिठ्ठी देऊ नकोस. आधी चहा दे.

आता तुझे प्रश्न. दुसऱ्याचं काम पूर्ण मनापासून करायचं. आपण अर्धवट केलं तर समोरच्याचंही बिघडतं.

दुसरं मात्र अवघड आहे. खरं आणि नाटकातलं यातला फरक गाणं चालू असताना कुणालाच कळत नाही, गाणाऱ्यालासुद्धा नाही. मी विंगेत बसून दुसरं काय केलं? माझी एक पद्धत होती. गाणं संपलं की बघायचं. टाळ्या पडतात, दिवे खाली जातात, तेव्हा कोण कुणाचा हात लगेच सोडतो आणि कोण धरून ठेवतो. निदान मला तरी त्यावरून कळायचं.

तुझ्या बाबाला, म्हणजे आमच्या घुम्याला, नाटकाचं सांगितलंस का? सांग. तो काही वाघ नाही. लहानपणी मी त्याला घुम्या म्हणायला लागले ते तो बोलत नसे म्हणून, त्याला ऐकू येत नव्हतं म्हणून नाही.

तुझी आत्या


२० सप्टेंबर

आत्या,

नर्सताई नाहीत. कृपा करून त्यांना चहा द्यायला सांगू नकोस. त्यांच्या नवऱ्याचं मासे धरायचं सामान विकायचं दुकान आहे आणि तो तालमीला येऊन पहिल्या रांगेत झोपतो.

बाबांना नाटकाचं सांगितलं. म्हणाले, "बरं. परीक्षा कधी आहे?"

आता खरी गोष्ट. दुसऱ्या अंकाच्या शेवटी धक्क्यावरच्या पायऱ्यांचं गाणं आहे. बोटीचा भोंगा वाजलेला आहे, तो पायऱ्या उतरतो, थांबतो, परत वर येतो आणि खिडकीतून तिचा हात धरतो. मग पियानो एकटाच हळू वाजतो आणि त्यावर तो गाणं सोडून नुसतं बोलतो, "बोट जाऊ दे. मला तुझ्यापाशी राहायचंय." आणि मग दोघांचं शेवटचं कडवं. वाचताना तुला मिळमिळीत वाटेल. मलाही वाटलं होतं. खिडकीत बसल्यावर नाही वाटत.

तो हात धरतो म्हणजे काय, नीट धरतो. त्याच्या बोटांना वंगणाचा वास येतो, कितीही साबण लावला तरी. आणि सबंध गाणंभर तो माझ्याकडे बघतो. इकडेतिकडे नाही, माझ्या तोंडाकडे. दुसरं कुणी जगात नसल्यासारखं. परवा मंगळवारी नर्सताई आल्या होत्या. तेच गाणं त्याने त्यांच्यासोबत केलं आणि अगदी गळाठला. मध्येच अडखळला, ओळी मागेपुढे केल्या, हात धरायचाच विसरला. दिग्दर्शक ओरडले, "अरे ठोंब्यासोबत करतोस तसं कर ना." सगळ्यांसमोर. मी पडद्याच्या दोऱ्या मोजत उभा होतो, कारण तोंड कुठे लपवू कळेना.

आणि तुझी पद्धत मी वापरून बघितली. गाणं संपलं, पियानोवाल्या बाईंनी पान उलटलं, दिग्दर्शक पाणी प्यायला गेले. त्याने हात सोडला नाही. तसाच धरून उभा राहिला, माझ्याकडे बघत.

हे तुला लिहिलंय आणि आता पाकीट फाडायच्या आत टपालपेटीत टाकून येतो.

ठोंब्या


२७ सप्टेंबर

बाळा,

आज ठोंब्या म्हणवत नाही.

तुझं पत्र स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं आणि मग खुर्ची ओढून पुन्हा वाचलं. मागच्या पत्रात मी नर्सताईंवरून काय काय बडबडले ते आठवून माझी मलाच लाज वाटली. एवढी वर्षं अंधारातून माणसं वाचली आणि घरचं पोरगं वाचता आलं नाही.

तुला मुलगा आवडतो. बघ, मी लिहिलं, आणि छत खाली आलं नाही. तू लिहायला घाबरत होतास ते शब्द एवढेच आहेत. आमच्या कंपनीत असे कितीतरी होते, कुणी गाणारे, कुणी दिवे लावणारे. एक जोडी तर माझ्या शेजारच्या खोलीत राहायची आणि भाजीत मीठ कुणी जास्त घातलं यावरून इतर नवराबायकांसारखीच भांडायची. तू काही जगावेगळा नाहीस. तू माझा भाचा आहेस आणि मला तू होतास त्याच्यापेक्षा आज जवळचा वाटतोस.

घुम्याला मी काही सांगणार नाही. ते बोलणं तुझं आहे, कधी बोलायचं ते तू ठरव.

एक विचारते. त्या लांब्याचं पाठांतर कसं आहे?

आणि जपून. मन देऊ नकोस असं म्हणत नाही, ते तू देऊन बसला आहेस. पण थोडं हातात ठेव.

तुझी आत्या


६ ऑक्टोबर

आत्या,

तुझं पत्र वाचलं आणि मागच्या खोलीत दार लावून रडलो. बाबांनी बाहेरून विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, खोकं पायावर पडलं. त्यांनी बर्फ आणून दिला. मग बर्फ पायावर धरून बसावं लागलं.

हो. मला मुलगा आवडतो. मीही लिहिलं.

पाठांतराचं तू का विचारलंस कळलं नाही, पण उत्तम आहे. माझ्यासोबत असताना तो एक अक्षर चुकत नाही. दिग्दर्शक म्हणतात, नर्सताई समोर असल्या की घाबरतो. मला वाटतं घाबरत नाही. ज्याच्यासमोर मनापासून वाटतं त्याच्यासमोर ओळी आपोआप येतात. मला तर त्याच्याही सगळ्या ओळी पाठ आहेत. तो म्हणत असतो तेव्हा मी मनातल्या मनात त्याच्याबरोबर म्हणत असतो. पियानोवाल्या बाई म्हणतात, माझे ओठ हलतात.

बाबांना सांगायचा प्रयत्न केला. रोज जेवताना ठरवतो. आज तोंड उघडलं, त्यांनी घास थांबवून विचारलं, "काही म्हणत होतास?" मी म्हटलं, मीठ द्या. मीठ समोरच होतं. त्यांनी उचलून माझ्या हातात दिलं.

बाबांचं नंतर बघू. आधी लांब्याला सांगणार आहे. आत्या, मला आयुष्यात दुसरं काही नको. नाटकात काम नको, टाळ्या नकोत. त्याने गाणं नसतानाही माझ्याकडे तसं बघावं, बस. पुढच्या आठवड्यात त्याच्या दुकानात जाईन. सायकलची चेन मुद्दाम उतरवून ठेवली आहे.

तुझा
ठोंब्या


१९ ऑक्टोबर

आत्या,

तुझं उत्तर आलं नाही, तरी लिहितो.

गेलो होतो. तो चाक उलटं धरून तारा घट्ट करत होता. मालक जेवायला गेला होता. मी सांगितलं. नाटकातल्यासारखं नाही जमलं, चेनकडे बघत सांगितलं. तो चाक फिरवायचा थांबला.

तो मला हसला नाही, त्याने मारलं नाही, काही नाही. म्हणाला, "अरे, मी तसा नाही रे." मी विचारलं, मग तू माझ्याकडे तसं का बघतोस? तर त्याला कळेचना मी काय विचारतोय. मग कळलं तेव्हा त्याचाच चेहरा पडला. त्याला वाचून पाठ होत नाही, आत्या. लहानपणापासून अक्षरं नाचतात त्याच्या डोळ्यांपुढे. कुणाला सांगत नाही. सुरुवातीच्या तालमींतच त्याच्या लक्षात आलं की मी त्याच्या ओळी ओठांनी म्हणतो. तो माझ्या तोंडावरून ओळी उचलत होता. म्हणून बघायचा. आणि गाणं संपल्यावर हात का धरून ठेवायचा? तिसऱ्या अंकाची पहिली ओळ त्याचीच आहे. ती मी म्हणेपर्यंत तो मला सोडत नव्हता.

"मला वाटलं तुला माहीत आहे," म्हणाला. "मला वाटलं तू माझ्यासाठी मुद्दाम करतोस."

मग त्याने माझी चेन बसवून दिली. पैसे घेतले नाहीत. निघताना विचारतो, "प्रयोगाला तू विंगेत बसशील ना? प्रॉम्प्टर म्हणून? नाहीतर मी मेलो." कमाल आहे की नाही माणसाची.

तू पाठांतराचं विचारलं होतंस. तुला तेव्हाच कळलं होतं. बरोबर ना?

ठोंब्या


२४ ऑक्टोबर

ठोंब्या,

बरोबर.

तू "माझ्या तोंडाकडे" असं लिहिलं होतंस तिथेच मला खटकलं. बघणारा डोळ्यांत बघतो. तोंडाकडे बघतो तो ओळ शोधणारा. माझ्याकडे लोकांनी वर्षानुवर्षं तसंच बघितलंय, भल्याभल्यांनी, जीव टांगल्यासारखं. एकासाठी तर मी नवे कानातले घेतले होते. त्याने कधी माझे कान बघितले नाहीत.

मग तुला सांगितलं का नाही? कारण तुझं पत्र इतकं आनंदात होतं की माझ्याने लिहवेना. वाटलं, माझी चूक होत असेल. वाटलं, सगळ्यांच्याच वाट्याला तसं येत नाही. गप्प बसले आणि तुला सरळ त्याच्या दुकानात जाऊ दिलं. हे माझं चुकलं. रागाव माझ्यावर, हवं तेवढं रागाव. फक्त लिहायचं थांबवू नकोस.

विंगेत बसायचं की नाही ते तुझ्यावर आहे. नाही म्हणालास तरी तुला कुणी नावं ठेवणार नाही. पण बसलास तर आमच्या धंद्याचं ऐकून ठेव. नट तुझ्याकडे बघेल तेव्हाच ओळ द्यायची, त्याआधी नाही. पहिले दोन शब्द द्यायचे, ते पुरत नसतील तर पूर्ण. आणि ओळ कोरडी द्यायची. तिच्यात भाव घालायचा नाही. भाव त्याचा, शब्द फक्त आपले.

तुझी आत्या


६ नोव्हेंबर

ठोंब्या,

दोन आठवडे झाले. मी टपालवाल्याला जिन्यातच गाठते, तो आता मला बघून मान हलवतो. चार ओळी लिही. शिव्या असल्या तरी चालतील.

आत्या


१७ नोव्हेंबर

आत्या,

रागावलो होतो. अजून थोडा आहे. पण हे दुसऱ्या कुणाला सांगू?

काल दुपारी प्रयोग झाला. मी विंगेत बसलो. लांब्यासाठी नाही, किंवा असेल त्याच्यासाठीही. त्या नाटकातलं एकेक वाक्य मला पाठ आहे आणि ते कुणीतरी पाडलेलं मला बघवलं नसतं. आधीच्या आठवड्यात मी त्याला सगळ्या ओळी बोलून बोलून पाठ करून घेतल्या, त्याच्या दुकानात, पंक्चर काढता काढता. तो माझ्याशी आधीसारखाच वागतो. तेच जास्त लागतं.

पहिला अंक छान गेला. नर्सताई सुंदर गायल्या, त्यांचा नवरा जागा होता. दुसरा अंकही शेवटापर्यंत नीट गेला. मग पायऱ्यांचं गाणं आलं. भोंगा वाजला, तो उतरला, थांबला, वर आला, हात धरला. सगळं जसंच्या तसं. पियानो एकटा वाजायला लागला आणि लांब्या गप्प. आधी वाटलं, थांबतोय. पियानोवाल्या बाईंनी तेच सूर परत घेतले. तेव्हा त्याने मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. तसंच, जसं तालमीत बघायचा.

मी ओळ दिली. "बोट जाऊ दे. मला तुझ्यापाशी राहायचंय."

मी कोरडी नाही दिली, आत्या. तुझं सगळं आठवत होतं, तरी नाही देता आली. दोन शब्दही नाही, पूर्ण दिली. एकदाच म्हणायला मिळणार होती. त्याने ती उचलली, नर्सताईंकडे वळला आणि इतकी सुरेख म्हटली की मागच्या रांगेत कुणीतरी नाक शिंकरलं. मग टाळ्या.

प्रयोगानंतर त्याने मला उचलून गरागरा फिरवलं. म्हणाला, "वाचवलंस." मी म्हटलं, ठीक आहे.

बाबा आले होते. कडक इस्त्रीचा शर्ट घालून, पहिल्या रांगेत अगदी कडेला, माझ्या विंगेला लागून. घरी चालत आलो. रस्ताभर एक शब्द बोलले नाहीत. माझी पिशवी मात्र त्यांनी घेतली. त्यांना नाटक आवडलं नसावं. त्यांच्या काही लक्षात आलं असेल असं वाटत नाही, ते त्यातले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी बातम्या लावल्या.

ठोंब्या


१९ नोव्हेंबर

ताई,

मी सहसा लिहीत नाही, तुला माहीत आहे. दुकान बरं चाललंय. गुडघा तसाच.

पोराने नाटकाचं कळवलंच असेल. मी काही बोललो नाही असंही कळवलं असेल. ते खरं आहे.

मी कडेला बसलो होतो. त्या उंच मुलाची ओळ अडली तेव्हा मला ती ऐकू आली. आधी आपल्या पोराच्या आवाजात आणि मग त्या मुलाच्या. त्या मुलाने चांगली म्हटली, लोकांना आवडली. मला ती ऐकूच आली नाही. मी आधीचीच ऐकत बसलो.

ताई, तो नुसती ओळ सांगत नव्हता. मला नाटकातलं कळत नाही, पण मी त्याचा बाप आहे. त्याची आई असती तर तिला कधीच कळलं असतं. ती गेल्यापासून मी त्याला जेवण, फी, कपडे, सगळं वेळेवर दिलं. हे राहिलं.

मला राग आलेला नाही. भीती वाटते. लोक काय करतील त्याची वाटते. तो असाच माझ्यासमोर बसून मीठ मागत राहील याची त्याहून जास्त वाटते. रस्ताभर मी शब्द जुळवत होतो. एकही तोंडातून निघाला नाही.

मी त्याला काय म्हणू ते लिहून पाठव. थोडक्यात लिही. पाठ करतो.

घुम्या


२३ नोव्हेंबर

घुम्या,

तुझं पत्र आलं तेव्हा पाकिटावरचं अक्षर बघून मला वाटलं कुणीतरी गेलं. आयुष्यात तू मला एवढं लांब पत्र लिहिलं नव्हतंस.

ओळ मिळणार नाही. जन्मभर लोकांना ओळी पुरवल्या, तुला एकही देणार नाही. मी लिहिलेलं तू पाठ करून म्हणालास तर त्या पोराला लगेच कळेल, तो आता त्यात तयार झालाय. चुकीचं बोललास तरी चालेल. अडखळ, थांब, पुन्हा बोल. फक्त रेडिओ बंद कर.

आणि घाबरू नकोस असं मी म्हणणार नाही. मलाही वाटते भीती. आपण दोघांनी मिळून घाबरू, त्याला एकट्याला घाबरू द्यायला नको.

तुला जे ऐकू आलं ते मला तीस वर्षांत कुणाकडून ऐकायला मिळालं नाही. तुला सरळ समोर बसून मिळालं. आता बोल बाबा.

तुझी ताई


२९ नोव्हेंबर

आत्या,

तू बाबांना काही लिहिलंस का? नसेल लिहिलं तर हे आणखीच अजब आहे.

आज दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी काउंटरवर काचा पुसत होतो, बाबा एका चष्म्याच्या दांडीचा स्क्रू बसवत होते. त्यांनी हात लांब करून रेडिओ बंद केला. मला वाटलं, बिघडला. मग स्क्रूकडे बघतच म्हणाले, "त्या मुलाला माहीत आहे?"

कोणत्या मुलाला, असं मी विचारणार होतो. विचारलं नाही. मी म्हटलं, "हो."

"मग?"

"नाही म्हणाला."

बाबांनी मान हलवली. स्क्रू घट्ट केला, परत थोडा सैल केला, परत घट्ट केला. मी काच तीच तीच पुसत होतो. एवढ्यात एक म्हातारे गृहस्थ आपला चष्मा न्यायला आले. बाबांनी त्यांच्या नाकावर चष्मा नीट बसवला, पेपर वाचायला लावला, पिशवीत डबी ठेवून दिली आणि दारापर्यंत सोडून आले. मला वाटलं, झालं, संपलं बोलणं. परत येऊन ते माझ्या शेजारी उभे राहिले, माझ्यासारखेच काउंटरकडे तोंड करून.

"तुझी आई मला दोनदा नाही म्हणाली होती," ते म्हणाले.

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि काय येऊ द्यावं कळेना. मी म्हटलं, "बाबा, हा तिसऱ्यांदाही नाहीच म्हणेल. तो तसा नाही."

त्यांनी जरा विचार केला. गिऱ्हाइकाला एखादा नंबर लागत नाही तेव्हा करतात तसा.

"मग दुसरा एखादा मुलगा हो म्हणेल," ते म्हणाले, आणि माझ्या हातातली काच काढून घेतली, कारण ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

तुझा
ठोंब्या